वास आला म्हणजे तोटा

सकाळचे सात वाजायला आलेत. जानेवारीचा शेवटचा आठवडा आहे आणि मी वर्धा जिल्ह्यातल्या एका धुऱ्यावर स्वेटरच्या बाह्या तळहातांवर ओढून उभी आहे. डाव्या हाताला हरभरा आहे, म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होता. रात्री डुकरांचा कळप येऊन गेलाय. माती नांगरल्यासारखी उलथली आहे, घाटे भरलेली झाडं मुळासकट आडवी पडली आहेत. उजव्या हाताला कमरेएवढं गवत आहे, निळसर हिरवं, दवाच्या ओझ्यानं वाकलेलं. खुरांची वाट धुरा ओलांडून या गवताच्या दोन ओळींमधून सरळ पलीकडे गेलेली दिसते. वाटेत एकाही पात्याला तोंड लागलेलं नाही.

"फिरते, पण खात नाई," या वावराचे मालक काकाजी म्हणतात. "रोही तं तोंड लावून पायते अन् मान झटकते."

ते वाकून एक पात तोडतात, चुरगाळून माझ्या हातावर ठेवतात. लिंबाचा वास येतो, पण त्यात लिंबाचा आंबटपणा नाही. मागे हिरव्या गवताचा आणि किंचित आल्याचा तिखटपणा आहे. गवती चहा. आपल्याकडे परसात एखादं बेट असतं, इथे तीन एकर आहे.

बोरचं जंगल इथून लांब नाही. 2014 साली बोर अभयारण्य व्याघ्र प्रकल्प झालं. कडेच्या गावांना वाघ क्वचित दिसतो. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर मात्र रोजचे. काकाजींनी आयुष्याची कितीतरी वर्षं माळ्यावर जागल करण्यात, डबे वाजवण्यात घालवली. पाच वर्षांपूर्वी त्यांनी या तुकड्यात तूर-कापूस बंद केला आणि गवत लावलं. कारण विचारलं की ते एका वाक्यात सांगतात: "जे जनावर खात नाई, ते लावलं. रात्री झोप तं लागते."

भट्टी वावराच्या टोकाला, विहिरीजवळ आहे. चार खांबांवर टिनाचं शेड, खाली विटांची चूल, चुलीवर माणसाच्या उंचीपेक्षा मोठी स्टीलची टाकी. टाकीच्या झाकणातून एक जाड नळी वर जाऊन बदकाच्या मानेसारखी वळते आणि शेजारच्या उभ्या नळकांड्यात शिरते. हा कंडेन्सर. त्याच्या खाली बादलीएवढं भांडं, त्याला दोन तोट्या: वरची तेलाची, खालची पाण्याची. त्याला इथे सगळे 'सेपरेटर' म्हणतात. एवढाच सगळा कारखाना.

काल दुपारी कापलेलं गवत शेडच्या सावलीत पसरलेलं आहे. रातभरात ते थोडं मलूल झालंय. ताजं गवत लगेच टाकीत घालत नाहीत. सुकलं की पाणी उडतं, वजन उतरतं, मग त्याच टाकीत जास्त गवत मावतं आणि तेवढ्याच सरपणात जास्त तेल निघतं. उन्हात टाकलं तर मात्र पाण्याबरोबर तेलही जातं. सावलीत, पसरून, दिवसभराच्या आत. ढीग करून ठेवलं तर आतून तापतं आणि कुजतं.

भट्टीवरचा पोरगा विशीतला असेल. तो भारे काट्यावर टाकतो, आकडा मोठ्यानं ओरडतो, काकू शेडच्या खांबावर खडूनं रेघा मारतात. पाचशे किलो झाले की थांबायचं. टाकीच्या तळाला पाणी आहे, त्याच्या वर वीतभर अंतरावर लोखंडी जाळी. गवत पाण्याला टेकता कामा नये. त्याला फक्त वाफ लागायला हवी. पोरगा अनवाणी टाकीत उतरतो आणि तुडवायला लागतो. कडेकडेनं, मग मध्ये, पुन्हा कडेनं. वरून भारे येत राहतात, तो पायाखाली दाबत वर चढत राहतो. शेवटी टाकीच्या काठाबाहेर त्याचे गुडघे दिसायला लागतात.

"एवढं कशाला तुडवतोस?" मी विचारते.

"पोकळ राह्यलं का वाफ तिथूनच पळते, ताई. बाकीचं गवत कोरडंच राह्यते."

त्याच्या पोटऱ्यांवर बारीक लाल रेघा उमटल्या आहेत. या पात्याच्या कडा धारदार असतात. माझ्याही तर्जनीवर मघाशीच एक रेघ ओढली गेलीय, आणि तेल लागून ती चुरचुरते आहे.

झाकण बसतं. रबराची गॅस्केट, भोवती बोल्ट. पोरगा पान्यानं एकेक आवळतो. ओळीनं नाही, समोरासमोरचे. काकाजी चुलीत तुराट्या सारतात. कापसाच्या पट्ट्यात सरपणाला तोटा नाही. शेडमागे पऱ्हाट्यांची गंजी रचलेली आहे. तुराटी भडकन पेटते, पऱ्हाटी धग धरते. त्यांच्या मागून येतं खरं जळण: मागच्या खेपेचं उकडून वाळवलेलं गवत. म्हणजे कालचं गवत आजच्या गवताखाली जळतंय.

पाणी उकळायला वेळ आहे. काकाजी माझ्या हातातल्या वहीकडे बघतात. "एक कागद द्या."

मी पान फाडून देते. ते शिशीतलं गवताचं तेल काडीनं कागदावर टिपतात, एकच थेंब. मग काकूंना हाक मारून घरातलं जवसाचं तेल मागवतात, त्याचा थेंब शेजारी. दोन्ही डाग सारखेच दिसतात: गोल, पारदर्शक, कडेला पसरत जाणारे. ते कागद खांबाच्या खिळ्याला अडकवतात. "राहू द्या. जाताना पाहा."

साडेआठला टाकी बोलायला लागते. आधी आत कुठेतरी खडखड, मग एकसुरी घरघर. वरची नळी हाताला सोसेनाशी होते. आणि अचानक शेडभर लिंबाचा वास दरवळतो. इतका सुंदर की मी डोळे मिटते.

काकाजींच्या कपाळाला आठी पडते. "कुठून येऊन राह्यला?"

पोरगा झाकणाभोवती नाक फिरवतो. अक्षरशः नाक: हातभर अंतरावरून, बोल्टामागून बोल्ट. विहिरीकडच्या बाजूला तो थांबतो. गॅस्केटखालून वाफेची एक बारीक रेघ बाहेर पडते आहे, उजेडात जेमतेम दिसेल अशी. बोल्ट आवळून बघतो, रेघ बारीक होते पण थांबत नाही. काकू तोवर घरात गेलेल्या असतात. त्या परत येतात तेव्हा हातात कणकेचा गोळा असतो. पोरगा फडक्यानं हात सांभाळत कणीक त्या फटीत थापतो. दोन मिनिटांत ती शिजून पांढरी होते आणि वाफ बंद होते. हळूहळू शेडमधला वासही विरतो.

"ध्यानात ठेवा," काकाजी आता माझ्याकडे वळतात. "भट्टीवर वास आला का नुकसान. वास म्हणजे तेल उडून राह्यलं. चांगल्या भट्टीवर नाकाले काईच कळले नाई पायजे."

मी इथे यायला निघाले ती वासासाठी, हे मी त्यांना सांगत नाही.

नऊ वाजून पाच मिनिटं. कंडेन्सरच्या तोंडातून पहिली धार येते. दुधाळ पाणी. सेपरेटरमध्ये ते पडत राहतं, गढूळ, आणि मग त्याच्या पाठीवर सोनेरी ठिपके तरंगायला लागतात. ठिपके एकमेकांना शोधतात, चिकटतात. पाच-सात मिनिटांत पाण्यावर पिवळी साय धरते. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं आणि खालचं पाणी तळाच्या वाकड्या नळीतून आपोआप बाहेर पडतं. इथे कोणी काही पिळत नाही, कुटत नाही.

वर्ध्याला तेलाची गोष्ट निघाली की घाणा आठवतो. 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारत ग्रामोद्योग संघ याच शहरात सुरू झाला आणि मगनवाडीत बैलघाण्यावर प्रयोग झाले. काकाजींच्या वडिलांच्या काळापर्यंत गावात जवसाचा घाणा होता. घाण्याचं तेल दाण्यात दाबलेलं असतं, ते जोर लावून बाहेर काढावं लागतं. हे तेल पात्याच्या बारीक पेशींमध्ये असतं आणि वाफेच्या मागे लागून स्वतःच निघून येतं. त्यातला मुख्य भाग सायट्रल, साधारण शंभरात पंचाहत्तर ते ऐंशी. एकटं सायट्रल उकळायचं तर सव्वादोनशे अंशांच्या पुढे जावं लागेल. पाण्याच्या वाफेच्या संगतीत मात्र ते शंभराच्या आतच उठून चालायला लागतं. सारी भट्टी या संगतीवर उभी आहे.

पोरगा दर पंधरा मिनिटांनी कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या धारेखाली बोट धरतो. कोमट लागली तर ठीक. गरम लागली की विहिरीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धा वळसा आणखी उघडायचा, नाहीतर वाफ न निवता तशीच बाहेर पडते, आणि पुन्हा तेच: वास, म्हणजे तोटा. चुलीवर काकाजी बसतात. जाळ फार वाढवला तर तळातलं पाणी उसळून गवताला लागतं, कमी केला तर धार तुटते. ते बोलता बोलता नुसत्या कानानं टाकी ऐकत असतात आणि मधूनच एक पऱ्हाटी मागे ओढतात.

साडेनऊला सेपरेटरवर पहिली मधमाशी येते. मग दुसरी. काठावर उतरतात, मागचा भाग वर उचलून पंख थरथरवतात, पुन्हा उडतात. पोरगा त्यांना हाकलत नाही, फक्त जाळीचं झाकण ठेवतो. माशा वाट चुकलेल्या नाहीत. बाहेर पडलेल्या बहिणींना पोळ्याकडे बोलावण्यासाठी कामकरी माशी पोटाच्या टोकाकडच्या ग्रंथीतून जो गंध सोडते, त्यात सायट्रल असतं, जिरॅनिऑल असतं. म्हणूनच मधपाळ रिकाम्या पेटीच्या तोंडाशी या तेलाचे दोन थेंब लावतात. उठलेलं मोहोळ घर समजून आत येतं. डुक्कर ज्याच्याकडे पाठ फिरवतं, त्याला माशी घर म्हणते.

दव आता उडालंय. वावरात सहा बाया ओळीनं कापणीला लागल्या आहेत. हाताला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, डोक्यावर शेव घट्ट बांधलेला. डाव्या मुठीत बेट धरायचं, उजव्या हातातला इळा जमिनीपासून सहा इंचांवर फिरवायचा. खाली कापलं तर बेट मरतं, वर कापलं तर तेलाचं पात वावरातच राहतं. कोरडं, उघडं ऊन हवं. ढगाळ दिवशी, धुक्यात पात्यात तेल कमी भरतं. लावल्यापासून तीन महिन्यांनी पहिली कापणी, मग दोन-दोन महिन्यांनी. थंडीत वाढ मंदावते म्हणून जास्त थांबावं लागतं. एकदा लावलं की पाच वर्षं. काकाजींच्या या लागवडीचं हे शेवटचं वर्ष आहे. पावसाळ्यात जुनी बेटं उपटून, फुटवे वेगळे करून पुन्हा लावायचेत. लखनौच्या सीमॅप संस्थेची 'कृष्णा' जात त्यांनी लावली होती. आता नवी कोणती घ्यायची याची चौकशी चालू आहे.

एक बाई पाणी प्यायला शेडकडे येते. मी विचारते, "या वासानं डोकं दुखत नाही का?"

"आता वासच येत नाई, बाई," ती हसते. "घरी गेल्यावर पोरगं म्हणते, आई, तू साबणासारखी लागतं."

खरं तर साबण तिच्यासारखा लागतो. हे तेल जातं ते साबणात, फरशी पुसायच्या द्रावणात, उदबत्तीत, बामात, खोलीत फवारायच्या अत्तरात. बऱ्याच वेळा लोक याला डासांच्या मलमातलं सिट्रोनेला समजतात. ते याच कुळातलं, पण वेगळं गवत. तिसरं भावंड आपल्याच मातीतलं, रोशा गवत. खानदेश-निमाडच्या रानात उगवणाऱ्या रोशाचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळलं जायचं. गवती चहाच्या तेलाचा जुना मुलूख केरळ. जगाच्या बाजारात त्याचं नावच 'कोचीन तेल' होतं, आणि एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ओडक्कली इथे या गवतावर 1951 पासून संशोधन केंद्र चालू आहे. 1893 साली टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सायट्रलपासून आयोनोन बनवलं, व्हायोलेट फुलांच्या वासाचं. मग 1947 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये याच आयोनोनपासून कारखान्यात जीवनसत्त्व अ तयार करायची रीत निघाली. लिंबाच्या वासाच्या गवतातून व्हायोलेटचा वास, आणि त्यातून डोळ्यांचं औषध.

काकाजी हे सगळं मान हलवत ऐकतात. मग म्हणतात, "मंग भाव काहून पडते?"

कारण सायट्रल आता कारखान्यातही बनतं, आणि चीनमधून लिट्सिया नावाच्या झाडाच्या फळांचं तेलही येतं, त्यातही तेच सायट्रल. काकाजींना किलोला हजार-बाराशे मिळतात, कधी कमी. पहिल्या वर्षी त्यांनी साध्या लोखंडी पत्र्याची टाकी घेतली होती. गंज धरला, तेलाला लाल झाक आली, आणि खरेदीदारानं रंगाचं कारण सांगून भाव पाडला. दुसऱ्या वर्षी स्टीलची टाकी आली, कर्ज काढून. आता तेलाबरोबर प्रयोगशाळेचा कागद जातो, सायट्रल किती ते लिहिलेला. "पह्यले नाकानं पाहत होते," ते म्हणतात, "आता कागदानं पाहतात. नाकापेक्षा कागद बरा. नाक घासाघीस करते."

पावणेबाराला धार पातळ होते. पाणी येतं पण त्याच्या पाठीवर नवी साय धरत नाही. पोरगा चमच्यात धार घेऊन उन्हात धरतो, मला दाखवतो: नुसतं पाणी. अडीच तास आणि वर थोडा वेळ. यापुढे जाळलेलं सरपण फुकट. चूल ओढली जाते.

झाकण उघडलं की ढगच बाहेर येतो. मी सवयीनं नाक पुढे करते. लिंबाचा मागमूस नाही. उकडलेल्या पालेभाजीचा, ओल्या पेंढीचा वास आहे. हिरवं गवत चहाच्या चोथ्याच्या रंगाचं झालंय. दाताळ्यानं ओढून ते बाहेर पसरतात. थोडं वाळून चुलीत जाईल, बाकीचं वावरात बेटांच्या मुळाशी आच्छादन म्हणून.

आता तेल. वरची तोटी उघडून ते काचेच्या मोठ्या बरणीत घेतलं जातं. अजून धुरकट आहे, त्यात पाण्याचे कण अडकलेत. पाणी शोषणारी पांढरी पूड, सोडियम सल्फेट, चमचाभर टाकून बरणी हलवायची आणि थोडा वेळ टेकवून ठेवायची. पूड तळाशी बसते, तेल स्वच्छ होतं. गाळून काट्यावर ठेवतात. दोन किलो आठशे ग्रॅम. मी वहीत भागाकार करते: एक किलो तेलाला जवळपास एकशे ऐंशी किलो गवत. तुडवलेलं एवढं गवत, एवढं पाणी, सकाळभराचा जाळ, आणि हातात आलं ते एका हातानं उचलता येईल एवढं. ते अॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये भरतात, काठोकाठ. वर हवा राहिली, ऊन लागलं, तर तेल बिघडतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवलेलं तेल महिन्याभरात बाटलीलाच बाक आणतं, हे काकूंनी स्वतः पाहिलंय.

तेलाखालून निघालेलं पाणी मात्र कोणी फेकत नाही. काकू त्याचे दोन गंज भरून घरी नेतात. त्याला अजून मंद वास आहे. त्यानं फरशी पुसली जाते, गोठा धुतला जातो. खऱ्या तेलाची काकूंकडे एकच छोटी शिशी आहे, देवळीत वरच्या बाजूला, नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी. पोछ्याच्या बादलीत तीन-चार थेंब. गुडघ्याला लावायचं तर वाटीभर तिळाच्या तेलात पाच-सहा. नुसतं लावलं तर आग होते. एकदा त्यांनी मानेला लावलं होतं आणि कातडी लाल होऊन सोलली होती.

"अन् चहात?" मी विचारते.

"चहात तेल नाई!" त्या दचकतात. "चहाचं बेट येगळं हाये."

ते घरामागे आहे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं. वावरातल्यापेक्षा पानं रुंद, गड्डा जाड. त्या दोन पानं तोडतात, त्यांची गाठ मारतात आणि आल्याबरोबर उकळत्या पाण्यात टाकतात. दूध मागाहून. दुपारच्या उन्हात ओसरीवर बसून आम्ही चहा पितो. स्वयंपाकघर, ओसरी, माझी ओंजळ, सगळीकडे वास. इथे कोणाच्या कपाळाला आठी नाही. चुलीवर वास आला तर तो चहाचा फायदा.

दुसरी खेप लागते आणि उतरते, तोवर साडेपाच होतात. ऊन शेडच्या खांबांवर तिरपं आलंय. शेजारी हरभऱ्याचा मालक पंचनाम्याच्या कागदांसाठी मोबाइलवर फोटो काढतोय. काकाजी मला खांबाकडे बोलावतात.

खिळ्याला कागद तसाच लटकतोय. जवसाच्या तेलाचा डाग सकाळपेक्षा मोठा झालाय, पारदर्शक. त्यातून मागच्या उन्हाची तिरीप दिसते. शेजारी, जिथे गवताचं तेल होतं, तिथे मी बोट फिरवते. कोरडं आहे. कागद उजेडात धरला तर एक फिकट पिवळी वर्तुळाकार रेघ कळते, बस्स. नाकाजवळ नेला. अगदी थोडा वास येतो.

"उरला तेवढा जाऊन राह्यला," काकाजी म्हणतात.

मी कागदाची घडी घालते आणि वहीच्या मधल्या पानात ठेवते. मग वही मिटून तिच्यावर रबर बँड चढवते. एक पुरत नाही असं वाटून वर आणखी एक.